सलूनमध्ये भेटणारा फार्मासिस्ट: रक्तदाबाच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

क्लिनिकल फार्मसी शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. वर्गातला एखादा विद्यार्थी, बहुतेक वेळा घरचं मेडिकल असलेला, हात वर करतो आणि म्हणतो, "सर, निदान डॉक्टर करणार, औषध डॉक्टर लिहिणार, इंजेक्शन सिस्टर देणार. मग काउंटर सोडून फार्मासिस्टनं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्यानं लहानपणापासून वडिलांना पट्टी कापून देताना, बिल करताना, मुदत संपलेला माल परत पाठवताना पाहिलेलं असतं. फार्मासिस्ट म्हणजे एवढंच, असं त्याला वाटलं तर त्याचा दोष नाही.

अशा वेळी मी व्याख्या सांगत बसत नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या 52 सलूनमध्ये जे घडलं ते सांगतो. त्याचे पहिले निकाल मार्च 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात फार्मासिस्ट काय करू शकतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या वाचनात नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

दवाखान्याची पायरी न चढणारा पेशंट

वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणि एके दिवशी अर्धं अंग लुळं पडतं किंवा किडन्या निम्म्याच चालतायत असं कळतं. अमेरिकेत या आजाराचा सगळ्यात मोठा फटका कृष्णवर्णीय पुरुषांना बसतो. रक्तदाबाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण त्यांच्यात इतर गटांपेक्षा जास्त आहे, आणि नेमके हेच पुरुष डॉक्टरकडे कमी जातात. विमा नसणं, रोजंदारी बुडणं ही कारणं आहेतच. त्याखाली एक जुनी जखमही आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता, आजार पुढे काय करतो एवढंच पाहत ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. ज्या समाजानं हे सोसलं, त्याला पांढऱ्या कोटावर भरवसा ठेवायला सांगणं सोपं नाही.

पण याच पुरुषांचा एका माणसावर पूर्ण भरवसा असतो, आणि तो म्हणजे त्यांचा बार्बर. तिथलं सलून म्हणजे केस कापायची जागा तर खरीच, शिवाय गावाच्या पारासारखी गप्पांची, वादांची, मन मोकळं करायची जागा. या प्रकल्पात जे पुरुष आले ते सरासरी दर दोन आठवड्यांनी, दहा वर्षांहून अधिक काळ, त्याच बार्बरकडे येत होते. वर्षाला पंचवीस-एक भेटी! इतक्या नेमानं येणारा पेशंट कुठल्याही दवाखान्याला मिळत नाही.

आपल्याकडेही सलूनमधल्या खुर्चीत माणूस जितकं मोकळं बोलतो तितकं ओपीडीच्या स्टुलावर बोलत नाही. त्यामुळे हा भाग मराठी विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाही.

डॅलसला गाडी कुठे अडली

या कल्पनेमागचे डॉक्टर रोनाल्ड व्हिक्टर. रक्तदाबावर आयुष्य घालवलेला माणूस. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात येण्याआधी ते टेक्सासमधल्या डॅलसला होते आणि तिथे त्यांनी 17 सलूनमध्ये असाच एक प्रयोग करून पाहिला होता. बार्बर गिऱ्हाइकाचं बीपी मोजायचे, वाढलेलं दिसलं तर समजावून सांगायचे, डॉक्टरकडे पाठवायचे. तुलनेसाठी घेतलेल्या सलूनमध्ये फक्त माहितीपत्रकं ठेवली होती. निकाल 2011 मध्ये आले. बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण बार्बरांच्या गटात थोडं अधिक वाढलं, पण वरच्या बीपीमध्ये दोन गटांतला फरक पडला तो साधारण अडीच मिलिमीटरचा (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), आणि तोही खात्रीनं सांगता येईल असा नव्हता.

विद्यार्थ्यांना मी इथे थांबवतो आणि विचारतो, कुठे अडलं असेल? बार्बर मेहनती होते. गिऱ्हाईक ऐकत होतं. मोजणंही नीट होत होतं. वर्गातून उत्तरं येतात: पथ्य पाळलं नसेल, गोळ्या घेतल्या नसतील. म्हणजे दोष पेशंटचाच! असं उत्तर आपल्या तोंडून किती पटकन निघतं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

खरी अडचण सलूनच्या दाराबाहेर होती. बार्बरनं पाठवलेला माणूस डॉक्टरपर्यंत पोचलाच पाहिजे, पोचल्यावर औषध सुरू झालं पाहिजे, सुरू झाल्यावर महिन्याभरात पुन्हा मोजलं पाहिजे, आणि आकडा खाली आला नसेल तर डोस वाढवला पाहिजे. या साखळीतली शेवटची कडी सगळ्यात कच्ची असते. आकडा 150 दिसतो, डॉक्टर म्हणतात "आज जरा धावपळ झाली असेल, पुढच्या वेळी बघू," आणि पुढची वेळ चार महिन्यांनी येते. जगभरच्या दवाखान्यांत हे होतं. याला उपचारातला जडपणा म्हणतात. डॉक्टरला कळत नाही असं मुळीच नाही. दहा मिनिटांत पाच तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला, न दुखणाऱ्या आजाराची गोळी बदलायला सवड होत नाही.

मी हे घरात पाहिलं आहे. माझे काका गावाकडे असतात. सहा वर्षं त्यांना एकच गोळी चालू होती, ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम. एका दिवाळीत मी त्यांचे केसपेपर मांडीवर घेऊन चाळले. बीपी 158, 152, 160, 154. आणि प्रत्येक आकड्याखाली तीच तीन अक्षरं, सीएसटी. म्हणजे आहे तेच औषध चालू ठेवा. काका म्हणाले, "अरे, एक दिवस गोळी चुकवलेली नाही मी." आणि ते खरं होतं. पेशंटनं त्याचं काम चोख केलं होतं. आकडा मात्र सहा वर्षं जागचा हलला नव्हता.

लॉस एंजेलिसला काय बदललं

व्हिक्टर यांनी दुसऱ्या खेपेलाही सलूनची आणि बार्बरची कल्पना तीच ठेवली आणि साखळीच्या त्या कच्च्या कडीवर एक माणूस नेमला. रक्तदाबाचं खास प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट. आणि तो फार्मासिस्ट सलूनमध्ये येणार होता.

प्रकल्पात 35 ते 79 वयाचे, वरचं बीपी 140 किंवा त्याहून जास्त असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष घेतले. ते त्या सलूनचे नेहमीचे गिऱ्हाईक असले पाहिजेत अशी अट होती: निदान सहा महिन्यांपासून, सहा आठवड्यांतून एकदा तरी येणारे. फार्मासिस्ट कुठे जाणार हे ठरवायची चिठ्ठी माणसांची न काढता सलूनची काढली. एकाच बार्बरनं एका गिऱ्हाइकाला एक सांगायचं आणि शेजारच्याला दुसरं, हे जमणारं नव्हतं. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट आले, तिथे 139 जण होते. बाकीच्या सलूनमध्ये 180 जण. तिथे बार्बर बीपीबद्दल बोलायचे, मीठ कमी करा, व्यायाम करा, डॉक्टरची वेळ घ्या असं सांगायचे, पण फार्मासिस्ट नव्हते.

आता फार्मासिस्टला औषध बदलायचा अधिकार कुठून आला? हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडची चर्चा नेहमी इथेच फसते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यात लेखी करार करता येतो. कुठल्या आजारासाठी, कुठली औषधं, कुठल्या क्रमानं, कुठल्या मर्यादेपर्यंत फार्मासिस्ट सुरू करू शकेल, वाढवू शकेल, थांबवू शकेल, हे त्यात लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियानं 2013 च्या कायद्यानं फार्मासिस्टना आरोग्यसेवा देणारे म्हणून मान्यताही दिली होती. या प्रकल्पात फार्मासिस्टनी त्या त्या पेशंटच्या स्वतःच्या डॉक्टरशी असा करार केला आणि प्रत्येक भेटीची नोंद त्या डॉक्टरकडे पाठवली. फार्मासिस्ट डॉक्टरच्या जागी बसले नव्हते. डॉक्टरनं आखून दिलेल्या रस्त्यावर, डॉक्टरला सवड नसताना, पेशंटबरोबर ते चालत होते.

औषधांचा क्रमही आधी ठरलेला होता. सुरुवातीला ॲम्लोडिपिन आणि त्याच्या जोडीला इर्बेसार्टनसारखी दीर्घकाळ टिकणारी गोळी. तेवढ्यानं भागलं नाही तर तिसरी इंडापामाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी. त्यावरही आकडा हटला नाही तर चौथ्या पायरीचं औषध. गाठायचं होतं 130 च्या खाली वरचं आणि 80 च्या खाली खालचं. एकाच गोळीचा डोस टोकाला नेण्यापेक्षा दोन वेगळ्या पद्धतीनं काम करणाऱ्या गोळ्या मध्यम डोसमध्ये दिल्या तर बीपी जास्त उतरतं आणि त्रास कमी होतो, हे औषधशास्त्रातलं साधं गणित त्यामागे आहे.

एका भेटीत काय होतं

हे उदाहरण मी फळ्यावर मांडतो. माणूस कल्पित आहे, पायऱ्या या पद्धतीच्याच आहेत.

52 वर्षांचे एक ट्रकचालक खुर्चीत येऊन बसतात. बार्बर म्हणतो, "आज फार्मासिस्ट आले आहेत, आधी दंड मोकळा कर." पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. मग पट्टा बांधून एकापेक्षा जास्त वेळा मोजणं. वरचं 156, खालचं 94. आधीपासून ॲम्लोडिपिन पाच चालू आहे.

फार्मासिस्ट लगेच डोस वाढवत नाही. आधी विचारतो. गोळी सकाळी घेता की रात्री? ट्रकवर असताना कुठे ठेवता? चार दिवसांत किती चुकल्या? संध्याकाळी बूट काढताना घोट्यावर सूज दिसते का? कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणून काही घेता का? या शेवटच्या प्रश्नाचं मोल मी पुन्हा पुन्हा सांगतो. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात, वर बीपीच्या गोळीचा परिणामही मारतात. पेशंट डॉक्टरला ते सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही. "ती तर नुसती कंबरेची गोळी."

ट्रकचालक सांगतात की गोळी चुकत नाही, पण घोटे सुजतात म्हणून ती बंदच करावी असं मनात आहे. हे वाक्य दवाखान्यात निघालं नसतं. सूज ॲम्लोडिपिनमुळे आहे, आणि जोडीला इर्बेसार्टन दिली की ती बऱ्याचदा उतरते. म्हणजे जी गोळी बीपीसाठी हवीच होती तीच सुजेवरही उपयोगी. फार्मासिस्ट ती सुरू करतो. ही गोळी सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम बघावं लागतं, तर त्यासाठी छोट्या यंत्रावर तपासणी तिथल्या तिथे होते. लॅबची चिठ्ठी, लॅबची रांग, रिपोर्टसाठी पुन्हा खेप, हे सगळं वाचतं. पुढची तारीख ठरते, तीही केस कापायच्या दिवसाचीच. संध्याकाळी डॉक्टरकडे नोंद जाते: आकडा किती, काय बदललं, का बदललं, पुढे काय बघायचं.

दोन-चार आठवड्यांनी 142. पुन्हा डोस वाढतो. मग 133. मग तिसरी गोळी लहान डोसमध्ये, आणि सोडियम-पोटॅशियमवर नजर. मग 126.

यात चमत्कार कुठेच नाही, औषधं जुनी आहेत, बहुतेक जेनेरिक मिळणारी आहेत. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाला फार्मासिस्ट सरासरी सात वेळा भेटले. आपल्या ओपीडीत सहा महिन्यांत सात वेळा कोण कुणाला भेटतं?

आकडे

फार्मासिस्ट असलेल्या गटाचं वरचं बीपी सुरुवातीला सरासरी 152.8 होतं, सहा महिन्यांनी 125.8. म्हणजे 27 मिलिमीटरनं खाली. दुसऱ्या गटात 154.6 वरून 145.4, म्हणजे नऊ-सव्वानऊनं खाली. दोन गटांतला फरक 21.6 मिलिमीटर. डॅलसचा अडीचचा आकडा शेजारी ठेवून पाहा. 130/80 च्या खाली पोचलेले एका बाजूला 63.6 टक्के, दुसऱ्या बाजूला 11.7 टक्के.

दुसऱ्या गटाचंही बीपी उतरलं याकडे दुर्लक्ष करू नये. वाढलेला आकडा पुन्हा मोजल्यावर थोडा खाली येतोच, शिवाय बार्बरच्या बोलण्याचाही काही परिणाम असणार. तुलनेचा गट नसता तर सगळे 27 मिलिमीटर आपण फार्मासिस्टच्या खात्यात टाकले असते. आपल्याकडच्या कितीतरी शिबिरांचे अहवाल असेच लिहिलेले असतात, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि अभिनंदन.

वर्षभरानंतरचे निकाल डिसेंबर 2018 मध्ये आले. दुसऱ्या सहामाहीत फार्मासिस्टच्या भेटी सातवरून चारवर आणल्या होत्या. तरी उतरलेलं बीपी वर चढलं नाही. घट 28.6 झाली, दुसऱ्या गटात 7.2 राहिली. वर्षाअखेर 90 टक्के लोक प्रकल्पात टिकून होते. दीर्घकालीन आजारात काम केलेल्या कुणालाही विचारा, लोक टिकवणं किती कठीण असतं. हे निकाल छापून आलेले पाहायला डॉ. व्हिक्टर मात्र नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले.

श्रेय कुणाचं

या प्रयोगाच्या बातम्या आल्या त्या बहुतेक सलूनच्या. साहजिक आहे, चित्र तेच देखणं आहे. पण माझं मत असं की सलूननं दार उघडून दिलं आणि आत येऊन काम केलं औषधांनी. माझ्या मते सगळ्यात बोलके आकडे हे: फार्मासिस्टच्या गटात बीपीचं औषध घेणारे 55 टक्क्यांवरून 100 टक्के झाले, दुसऱ्या गटात 53 वरून 63. आणि माणशी औषधं 1.1 वरून 2.6 झाली, दुसऱ्या गटात 1.0 वरून 1.4. म्हणजे एका बाजूला लोकांना लागतील तेवढी औषधं मिळाली आणि दुसऱ्या बाजूला सल्ला मिळाला. मीठ कमी करा हा सल्ला चांगलाच आहे, पण 155 चं 125 व्हायला पेशंटला दोन-तीन गोळ्या लागत असतील, तर त्या वेळेत देणारं आणि त्यांचा त्रास निस्तरणारं कुणीतरी हवं.

बार्बरचं श्रेय कमी करायचं नाही. त्यानं दहा वर्षं जमवलेला विश्वास फार्मासिस्टला उसना दिला. "हा माझ्या ओळखीचा आहे, याला दंड दे," हे वाक्य बार्बरच्या तोंडून आलं नसतं तर तिसऱ्या गोळीपर्यंत कुणी पोचलं नसतं. पण विश्वास उसना मिळाला तरी तो दोन भेटींत संपतो. सुजलेल्या घोट्याला उत्तर मिळालं म्हणून माणूस तिसऱ्यांदा आला.

खटकणाऱ्या बाजू

फार्मासिस्टच्या प्रत्येक भेटीसाठी पेशंटला 25 डॉलर दिले जात होते, औषधाचा आणि येण्याजाण्याचा खर्च भागावा म्हणून. प्रकल्प संपल्यावर हे पैसे कोण देणार? फार्मासिस्टचा वेळही महाग. लॉस एंजेलिससारख्या पसरलेल्या शहरात एका सलूनमधून दुसऱ्यात जाताना अर्धा दिवस रस्त्यात जातो. 2021 मध्ये छापलेल्या हिशोबात, धडधाकट आयुष्याचं एक वर्ष मिळवायला साधारण 42,700 डॉलर लागतात असं निघालं. अमेरिकेच्या मापानं ते परवडणारं मानतात, आपल्या मापानं नाही.

औषध वाढवण्यात जोखीम असते. फार्मासिस्टच्या गटात तिघांच्या किडन्यांवर अचानक ताण आला. इंडापामाइड थांबवल्यावर ते सावरले. तपासणी जागच्या जागी होत होती म्हणून ते वेळेत लक्षात आलं. औषध वाढवायचा अधिकार मागणाऱ्या प्रत्येकानं रक्ततपासणीची जबाबदारीही त्याच श्वासात मागितली पाहिजे, असं मी विद्यार्थ्यांना बजावतो. आणखी एक मर्यादा म्हणजे प्रकल्पानं मोजलं ते बीपी. पक्षाघात किती टळले हे 319 माणसांत आणि एका वर्षात मोजता येत नाही.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत)

हे सगळं ऐकल्यावर मघाचाच विद्यार्थी विचारतो, "पण सर, आपल्याकडे फार्मासिस्टला डोस बदलता येत नाही." बरोबर आहे. आपल्या कायद्यात डॉक्टरच्या चिठ्ठीबाहेर जायला जागा नाही, आणि लॉस एंजेलिससारखा लेखी करारही नाही. पण फार्मसी प्रॅक्टिसचे 2015 चे नियम वाचा. पेशंटला समुपदेशन करणं, औषधांची नोंद ठेवणं, दोन औषधं एकमेकांच्या आड येतात का पाहणं आणि शंका आली तर डॉक्टरशी बोलणं, हे सगळं फार्मासिस्टचं काम म्हणून त्यात आहे. 2008 पासून देशात सहा वर्षांचा फार्म डी, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, अभ्यासक्रम आहे, त्यातली मुलं शेवटचं वर्ष वॉर्डात काढतात. शिकलेली माणसं आहेत.

महाराष्ट्रात एक पाया घातलाही गेला आहे. देशभरच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात 2017 च्या अखेरीस झाली, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. ठरलेली मोजकी औषधं, पायरीपायरीनं डोस, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येक पेशंटची नोंद. लॉस एंजेलिसच्या क्रमाशी याचं नातं लगेच दिसतं. इथे साखळीची शेवटची कडी सांभाळायला प्रत्येक पीएचसीत एक माणूस आधीपासूनच बसलेला आहे, औषध निर्माण अधिकारी. महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेला प्रत्येक पेशंट त्याच्या खिडकीसमोर उभा राहतो. डॉक्टर रजेवर असले तरी खिडकी उघडी असते. त्या खिडकीशी आज "या घ्या, सकाळी एक" एवढंच बोलणं होतं. अधिकाऱ्याचा दोष नाही, त्याच्यामागे साठा रजिस्टर, ऑनलाइन नोंदी, मागणीपत्रकं यांचा ढीग असतो. पण त्याच खिडकीत बीपीचं मशीन, तीन प्रश्न आणि डॉक्टरसाठी एक चिठ्ठी एवढं जरी आलं तरी सीएसटी लिहिणारा हात थबकेल, अशी माझी खात्री आहे.

म्हणून वर्गात शेवटी मी प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि डॉक्टरला चिठ्ठी लिहायला सांगतो. पाच ओळींची मर्यादा. पहिल्या ओळीत गेल्या तीन भेटींचं बीपी, तारखांसह. दुसऱ्या ओळीत चालू औषध, डोस आणि गोळ्या खरंच घेतल्या जातायत का. तिसऱ्या ओळीत त्रास आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली औषधं. चौथ्या ओळीत शेवटचं क्रिएटिनिन. पाचव्या ओळीत नम्रपणे सुचवणी, ठरलेल्या क्रमातली पुढची पायरी. मुलं पहिल्यांदा दीड पान लिहितात. दीड पान कुठल्याही डॉक्टरला ओपीडीत वाचता येत नाही, म्हणून पुन्हा लिहायला लावतो, आणि पुन्हा.

काकांसाठी मी अशीच एक चिठ्ठी लिहिली होती. चार आकडे, सहा वर्षांची एकच गोळी, क्रिएटिनिन ठीक, गुडघ्यासाठी आठवड्यातून तीनदा दुखण्याची गोळी, आणि टेल्मिसार्टन (इर्बेसार्टनच्याच जातीची गोळी) जोडता येईल का ही विचारणा. काका ती देताना संकोचले होते, डॉक्टरसाहेबांना राग येईल म्हणून. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, म्हणे. गुडघ्याची गोळी बंद केली, दुसरी बीपीची गोळी लिहिली आणि केसपेपरवर सीएसटीच्या जागी लिहिलं: चार आठवड्यांनी बीपी मोजून पुन्हा अशीच चिठ्ठी पाठवा.